तिफणीचे पेटंट कोणाचे?

गेल्या श्रावणात दोन दिवसांच्या सुट्टीत मी निंबर्ग्याला घरी गेलो होतो. तुरीत कोळपणी चालू होती. आमच्या गल्लीत एक लोहारमामा आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी बैल नसलेल्या एका विधवा बाईसाठी हातकोळपे करून दिले. जुन्या सायकलचे चाक, बाभळीचा दांडा आणि मागे कुळवाची तोडून बसवलेली पास. पास जिथे बसते त्या पट्टीला मामांनी वरखाली तीन भोके पाडली होती. त्या बाईचे काम एकटीने होऊ लागले, तसे गल्लीतल्या आणखी चारजणांनी तेच करून घेतले. परवा तालुक्याच्या बाजारात मी तेच कोळपे एका दुकानाबाहेर टांगलेले पाहिले. निळा रंग, तीच तीन भोके, आणि दांड्यावर चिठ्ठी : 'पेटंट'. पेटंटाचा क्रमांक मात्र कोठेच नव्हता.

मी तावातावाने मामांना सांगितले, "मामा, तुमचा शोध चोरला!" मामा भात्याजवळून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "चाक सायकलचं, पास कुळवाची, दांडा बाभळीचा. त्यात माझं काय आलंय रे?" थोडा वेळ थांबून पुन्हा म्हणाले, "पण भोकं तीन का, ते त्याला विचार. ठाऊक नसणार."

त्या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावले.

पेटंट, म्हणजे ज्याला परिभाषेत 'एकस्व' म्हणतात, ही मुळात एक देवघेव आहे. शोधकाने आपली युक्ती सर्वांना समजेल अशी लिहून सरकारकडे द्यायची. त्या बदल्यात सरकार ठराविक मुदतीपर्यंत ती वस्तू बनवण्याचा व विकण्याचा हक्क फक्त त्याला देते. मुदत संपली की युक्ती सर्वांची. आपल्या देशात यासाठी 1970 चा पेटंट कायदा आहे. तो 1972 पासून अमलात आला. आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे आहे. शोध नवा असावा, जाणकारालाही सहज सुचणार नाही असा असावा आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा, या तीन कसोट्या. पेटंट नसताना वस्तूवर तसे लिहिणे दंडास पात्र आहे, हे त्या दुकानदाराला बहुधा माहीत नसावे.

या कायद्याचे तिसरे कलम मी वाचले तेव्हा आश्चर्य वाटले. कशाला पेटंट मिळणार नाही याची ती यादी आहे. तिच्यात शेती करण्याची पद्धत आहे, बी-बियाणे व पिकांचे वाण आहेत, नुसता संगणक-प्रोग्रॅम आहे आणि खेळ खेळण्याची रीतही आहे. शेतीचे अवजार, संगणकाचे यंत्र किंवा खेळाचे साहित्य यांना पेटंट मिळू शकते. पण पेरण्याची, गणित करण्याची आणि खेळण्याची रीत कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारीशेजारी जोडल्या, तर तोही शोध नव्हे, असे याच कलमात म्हटले आहे. 'चाक सायकलचं, पास कुळवाची' हे मामांचे म्हणणे कायद्याने आधीच मान्य केलेले आहे!

मला हे कलम शहाणपणाचे वाटते. का, ते तीन उदाहरणांनी सांगतो.

पहिले तिफणीचे. मराठीत तिफण, कन्नडमध्ये कूरिगे. तीन फण, तीन नळ्या, वर चाडे, आणि चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई. शाळेत आपण शिकतो की पेरणीयंत्र इंग्लंडच्या जेथ्रो टलने 1701 च्या सुमारास बनवले. पण त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात थॉमस हॅल्कॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या आंध्र प्रदेशाच्या भागातील शेतकरी फणाच्या पाभरीने पेरताना दिसले, आणि तो चकित झाला. तोपर्यंत पेरणीयंत्र हा युरोपचा अलीकडचा शोध आहे अशी त्याची समजूत होती. त्याने तसे लंडनच्या कृषी मंडळाला कळवले. धरमपाल यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अठराव्या शतकातील भारतीय विज्ञानावरच्या ग्रंथात हा पत्रव्यवहार वाचायला मिळतो. तिफण कोणा एकाच्या नावावर असती, तर आपल्या काळ्या रानात जोंधळा आणि तूर पेरण्यासाठी किती पिढ्यांना खंड भरावा लागला असता? ती मोकळी होती म्हणूनच तिच्यात सुधारणा होत राहिल्या. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरीच्या अब्दुल खादर नडकट्टीन यांनी बी आणि खत एकाच वेळी पेरणारे यंत्र बनवले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते यंत्र म्हणजे त्या जुन्या कूरिगेचीच लेक नव्हे काय?

दुसरे उदाहरण आपल्या या नियतकालिकाचेच. याची काही पाने मराठी, काही कन्नड. दोन्ही आज संगणकावर जुळवली जातात. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे संकेतमानक तयार झाले; त्याच्या 1988 च्या आराखड्यावरून युनिकोडने आपल्या लिप्यांची कोष्टके बांधली. तुम्ही ती शेजारी ठेवून पाहा. देवनागरीतला 'क' ज्या घरात बसला आहे, कन्नड कोष्टकात त्याच घरात कन्नडचा 'क' बसला आहे! सीमेवरच्या माणसांना जे सांगूनही पटत नाही ते त्या कोष्टकात मुकाट्याने मांडलेले आहे. या घरांचे भाडे कोणी मागत नाही. मागितले असते तर बाजार लहान असलेल्या भाषा सर्वांत आधी बाहेर राहिल्या असत्या.

तिसरे उदाहरण मैदानावरचे. 1874 साली मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी इंग्लंडमध्ये लॉन टेनिसच्या मैदानाचे पेटंट घेतले. खेळाला एक अवघड ग्रीक नाव देऊन ते जाळे, चेंडू, रॅकेटी यांची पेटी विकू लागले. त्यांचे मैदान मध्ये अरुंद होते, वाळूच्या घड्याळासारखे. 1877 साली विम्बल्डनला पहिली स्पर्धा झाली तेव्हा आयोजकांनी सरळ आयताकृती मैदान आखले. विंगफील्डनी त्याच वर्षी पेटंट सोडून दिले. खेळ लोकांचा झाला की तो लोकांच्या पायांनी चालतो. आपली कबड्डी पाहा. तिला साहित्य म्हणून लागतो एक दम! आता ती मॅटवर खेळतात, बूट घालून खेळतात. त्या मॅटचे, त्या बुटांच्या तळव्याचे कोणी खुशाल पेटंट घ्यावे. 'कबड्डी, कबड्डी' म्हणण्याचे कोणी घेऊ शकत नाही, आणि हेच योग्य आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "मग प्रश्न मिटला. सर्व मोकळे सोडा." परंतु माझ्या मते खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. जे मोकळे असते त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते मोकळेही राहत नाही.

हळदीचे प्रकरण अनेकांना ठाऊक असेल. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकन पेटंट 1995 साली मंजूर झाले. घेणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक व गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, ते आव्हानित केले आणि 1997 साली ते रद्द झाले. 'आमची आजी लावत होती' हे सांगून ते रद्द झाले नाही. संस्कृत ग्रंथांतले उतारे आणि 1953 साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख, असे कागद पुढे ठेवावे लागले. आजीचे ज्ञान खरे होते. पण ते कोणीतरी लिहिले होते म्हणून वाचले.

आता ज्यांचे कोणी वेळेवर लिहिले नाही, त्यांचे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर. 1983 च्या सुमारास भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या आणि वर्षानुवर्षे निवडत बारीक, चवदार तांदळाचे वाण तयार केले. त्या काळी सर्वांच्या मनगटावर असणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले : एचएमटी. पुढे 1998 साली कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून ते 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून प्रसारित केले. श्रेयाचा वाद दादाजींच्या अखेरीपर्यंत पुरला. 2005 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला खरा. पण 2018 साली ते गेले तेव्हा ज्यांच्या ताटात रोज तो भात होता त्यांतल्या कितीजणांना त्यांचे नाव माहीत होते? वाणाला आपल्याकडे पेटंट नाही. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा आणि बी राखण्याचा, बदलण्याचा, विकण्याचा हक्क मिळाला, परंतु तो येईपर्यंत दादाजींचे बी गावोगाव पोचले होते.

हे केवळ अशिक्षित खेड्यात घडते असे मात्र समजू नका. अमेरिकेतील आयोवा स्टेट कॉलेजात जॉन अ‍ॅटॅनासॉफ या प्राध्यापकाने क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन 1939 ते 1942 या काळात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बनवले. पेटंटाचे कागद तयार झाले होते. कॉलेजाकडून ते दाखल झालेच नाहीत. 1941 साली जॉन मॉकली नावाचे गृहस्थ येऊन यंत्र पाहून गेले. पुढे मॉकली व एकर्ट यांच्या 'एनियाक' यंत्राचे पेटंट 1964 साली मंजूर झाले, आणि संगणक बनवणाऱ्या सर्वांकडून शुल्क मागण्याची वेळ आली. खटला उभा राहिला. 1973 साली न्यायालयाने ते पेटंट रद्द केले. अ‍ॅटॅनासॉफचे काम आधीचे आहे, हे त्याचे एक मोठे कारण. जुनी पत्रे आणि टिपणे जपून ठेवलेली होती म्हणूनच हे सिद्ध झाले. एका कॉलेजाचा आळस आणि एका प्राध्यापकाची टिपणवही, या दोहोंमध्ये संगणकाचा इतिहास अडकला होता!

म्हणून माझे आपल्या महाविद्यालयाला एक मागणे आहे. हल्ली मूल्यांकनासाठी संस्थांच्या पेटंटांची संख्या मोजली जाते, आणि संख्या मोजली की संख्या वाढवणारेही निघतात. तसल्या शर्यतीत आपण पडू नये. आपण एक शोधवही ठेवावी. पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि दोन्ही भाषाविभाग यांनी मिळून ती चालवावी. विद्यार्थी आळंद, अक्कलकोट, बसवकल्याण, भालकी अशा गावांतून येतात. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावची एक युक्ती पाहून यावी : अवजार असो, बियाण्याची निवड असो, तालमीतली एखादी क्लृप्ती असो. करणाऱ्याचे नाव, तारीख, हाताने काढलेली आकृती आणि 'असे का केले' याचे त्याच्याच शब्दांतले उत्तर, त्याच्या संमतीने, मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहावे. जी युक्ती सर्वांसाठी मोकळी ठेवायची ती या मासिकात छापावी. छापलेल्या गोष्टीवर उद्या कोणाला नवा शोध म्हणून हक्क सांगता येणार नाही.

आणि जी खरोखर नवी असेल, तिच्याबाबत आधी अर्ज करावा व मगच प्रदर्शनात मांडावी. आपण उलट करतो. विज्ञान प्रदर्शनात टाळ्या घेतो आणि तेथेच नवेपणा गमावून बसतो. प्राथमिक अर्ज करून सविस्तर तपशिलासाठी 12 महिने मिळतात. एका व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क 1600 रुपये आणि परीक्षणाचे 4000 रुपये आहे. 2021 पासून शिक्षणसंस्थांनाही हीच सवलत आहे. सीमेची गंमत म्हणजे अक्कलकोटच्या माणसाचा अर्ज मुंबईला जातो आणि निंबर्ग्याच्या माणसाचा चेन्नईला. खरी अडचण अर्ज कायद्याच्या भाषेत लिहिण्याची, आणि आम्हा शिकणाऱ्यांचा उपयोग व्हायचा तो येथेच.

मामांच्या तीन भोकांचे राहिलेच. मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितले, रान ओले असेल तर काळी माती पासेला चिकटते, म्हणून पास वरच्या भोकात उभट लावायची; वाफसा आला की मधल्या; आणि रान तडकले की खालच्या भोकात आडवी. मग मी पुन्हा बाजारात जाऊन ते निळे कोळपे नीट पाहिले. भोके तीनच होती. पण पास कायमची वेल्डिंगने चिकटवली होती.

हे मी लिहून ठेवले आहे. शोधवहीचे पहिले पान म्हणून ते देण्यास मी तयार आहे; मामांनी नाव घालायला होकार दिला आहे, फक्त 'त्या बाईचंही घाल' एवढी अट घालून.