पुस्तक कोणाच्या हातात?

आमच्याकडे गुणवंत मुलांचा सत्कार असला की एक भाषण ठरलेलेच. तुर्कांनी छापखाना उशिरा आणला म्हणून मुसलमान मागे पडले. आता मोबाइलवरच्या पुस्तकाला नाक मुरडाल तर पुन्हा मागे पडाल. गेल्या महिन्यात हे भाषण परत ऐकले. मी टाळी वाजवली नाही. शेजारी बसलेले चाचा म्हणाले, "तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्हाला कागदच आवडायचा."

कागदाच्या वासाचे प्रेम मला नाही. पत्र्याखाली राहणाऱ्याला पुस्तकाला लागणारी वाळवी आणि ओल ठाऊक असते. माझा राग त्या इतिहासावर आहे, कारण तो अर्धाच सांगितला जातो.

इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतेफर्रिकाला १७२७ मध्ये छापखान्याची परवानगी मिळाली आणि १७२९ मध्ये पहिले पुस्तक निघाले, हे खरे. धार्मिक ग्रंथ त्या परवानगीतून वगळले होते, हेही खरे. पण पुढचे? लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये शिळाप्रेस काढला. मालक हिंदू, यंत्र नवे. तरी तिथे छापलेली कुराणाची स्वस्त प्रत मुसलमानांनी डोक्याला लावून घरात नेली. नवे तंत्र पुस्तक हातात देते म्हटल्यावर कोणी अडला नाही. तेव्हा कागद की पडदा, हा वाद नंतर. आधी पुस्तक कोणाच्या हातात पडते ते बघा.

माझी भाची तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने क्रमिक पुस्तके घेणे जवळपास थांबवले आणि ग्रंथालयाच्या दारावर क्यूआर कोड चिकटवला. घरात चांगला मोबाइल एक, तो भावाबरोबर गॅरेजवर जातो. भाऊ रात्री नऊला येतो, जेवतो, क्रिकेट बघतो. मग उरलेल्या डेटावर हिचे राज्यशास्त्र. तिला स्वतःचा मोबाइल घेऊन द्या म्हटले तर उत्तर मिळते, "मुलीच्या हातात मोबाइल कशाला?" हे उत्तर देणारे सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून 'डिजिटल व्हा'वर टाळ्या वाजवत होते. नावे घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

कॉलेजचेही ऐका. एन-लिस्टची सोय आहे, पासवर्ड घ्या, म्हणतात. सोय चांगलीच आहे, मीही वापरतो. पण तिथली पुस्तके बहुतेक इंग्रजी आणि ही मुलगी मराठी माध्यमाची. तिचा अभ्यासक्रम ज्या मराठी पुस्तकांवर चालतो ती पुणे-कोल्हापूर-नागपूरचे छोटे प्रकाशक कागदावरच काढतात. मग क्यूआर कोडमागे तिच्यासाठी काय आहे? खर्च वाचला, एवढेच.

पडद्यावरचे वाचन वाईटच, असेही मी म्हणत नाही. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणारे अॅप त्याचे अर्धे परावलंबन संपवते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तके नेटवर मिळतात, त्यावर नोकरी करून शिकणाऱ्यांचे भले झाले. पण अभ्यासाचा मजकूर आणि वेळेची घाई असेल तर कागदावर वाचलेले अधिक समजते. २०१८ मध्ये चौपन्न अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून काढलेले हे अनुमान आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वर्णन याहून वेगळे कसे करणार?

आणि विकत घेतलेले ई-पुस्तक आपले असते का? जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले. पण एका शाळकरी मुलाने त्यावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली. रद्दीवाल्याकडून घेतलेले पुस्तक असे रात्रीतून नाहीसे होत नाही. वर्ष संपले की ते मोहल्ल्यातल्या पुढच्या मुलीकडे जाते. लायसन्स कोणाला देणार?

खरे तर आपली मुले दोन्हींवर शिकत नाहीत, ती झेरॉक्सवर शिकतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये खटला भरला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला. शिक्षणासाठी अभ्यासक्रमापुरत्या प्रती काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, हे डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मानले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थी त्या दुकानाच्या बाजूने न्यायालयात गेले होते. कागदाशी त्यांचे नाते हे असे आहे, पानाला काही पैसे देऊन घेतलेले.

म्हणून चाचा, माझे म्हणणे लिहून घ्या. कॉलेजने ई-पुस्तके जरूर द्यावीत, पण पासवर्डविना उतरवून घेता येतील आणि छापता येतील अशी. प्रत्येक विषयाच्या पाच छापील प्रती ग्रंथालयात हव्यात आणि वाचनकक्ष मगरिबनंतरही उघडा हवा, मुलींसाठी येण्याजाण्याच्या सोयीसह. पुढच्या सत्काराला शाल आणि ट्रॉफी नको. त्या पैशात दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांचे संच घ्या आणि मशिदीशेजारच्या रिकाम्या खोलीत ठेवा. कपाट मी देतो. आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना विचारा, घरातल्या मुलीला संध्याकाळी दोन तास मोबाइल कोण देणार?