कान शाबूत, कार्ड चुकलं

गेल्या महिन्यात आजोबांनी संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "अगं, कान गेले माझे. तिचा आवाजच येत नाही आता."

आमच्या दांडिया बाजारच्या घरातल्या त्या जुन्या डेस्कटॉपवर आजीच्या आरत्या आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. आजोबा रोज दिवेलागणीला त्या ऐकतात. मी हेडफोन लावून पाहिला, तर मलाही काही ऐकू येईना! म्हणजे कान ठीक होते, बिघाड डब्यात होता.

मशीन जुनं, म्हणून त्यावर मी हलकं लिनक्स टाकलंय. त्यात आवाजाचं काम थेट अल्सा पाहतं. हेडफोनची पिन मागच्या हिरव्या भोकात होती. मग टर्मिनलवर अल्सामिक्सर उघडलं. एरवी पट्टीखाली 'एमएम' दिसलं की आवाज बंद आहे असं समजायचं आणि एम दाबायचं. पण इथे मास्टरची पट्टीच नव्हती, नुसतं एसपीडीआयएफ! तेव्हा आठवलं, दादाने गेमसाठी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं.

ग्राफिक्स कार्डालाही स्वतःचं साउंड असतं, एचडीएमआयच्या वायरमधून मॉनिटरकडे जाणारं. आमच्याकडे ते आणि मदरबोर्डचं साउंड, दोन्ही एकाच मोड्यूलवर चालतात: एसएनडी-एचडीए-इंटेल. अल्सा शून्य क्रमांकाचं कार्ड मुख्य धरतं, आणि तो मान नव्या पाहुण्याने पटकावला होता. आजीचा आवाज रोज मॉनिटरकडे जात होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नाही.

आधी मी घाईत इंटरनेटवरची 'मॉडेल'वाली ओळ चिकटवली. त्याने काहीच झालं नाही, म्हणून ती पुसली. एका वेळी एकच बदल करायचा, हे तेव्हा शिकले. मग मोडप्रोब-डी फोल्डरमध्ये छोटी कॉन्फ फाइल करून एकच ओळ लिहिली: ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल इंडेक्स=१,०. म्हणजे आधी सापडेल त्या कार्डाला एक नंबर, नंतरच्याला शून्य. मशीन पुन्हा सुरू केलं.

आजोबांना हाक मारली. आरती सुरू झाली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा हळू कर गं, कान दुखतील."

मंडळी, घरातलं कुणी 'मला ऐकू येत नाही' म्हणालं, तर एकदा हेडफोन आपल्याही कानाला लावून बघा.