भूकंप आणि आमची घरे

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी हादरली आणि तेरा हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. भूज, अंजार, भचाऊ ही गावे भूकंपाच्या उगमाजवळची. त्यांचा विध्वंस हृदयद्रावक असला तरी अनाकलनीय नव्हता. परंतु तेथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत त्याच सकाळी सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक नागरिक त्यांत दगावले, याचा उलगडा काय? ती काही मोडकळीस आलेली घरे नव्हती. मध्यमवर्गीय कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून घेतलेले ते गाळे होते. एक इमारत उभी राहिली आणि शेजारची जमीनदोस्त झाली, याला दैवगती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण भूमी कशी हादरते हे ज्याने समजून घेतले त्याला दैवाचा आधार घेण्याचे कारण उरत नाही.

भूगर्भातील खडकावर वर्षानुवर्षे ताण साचत जातो. तो असह्य झाला म्हणजे खडक भ्रंशाच्या रेषेवर एकाएकी सरकतो आणि साचलेली शक्ती लाटांच्या रूपाने चोहोंकडे धावत सुटते. पहिली लाट खडकाला पुढेमागे दाबीत व ताणीत जाते. तिचा वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या घरात असतो. दुसरी लाट आपल्या मार्गाच्या आडव्या दिशेने खडक हलवीत येते. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहिलीने तावदाने खडखडतात, दुसरीने भिंती डोलू लागतात. त्यांच्यामागून पृष्ठभागावरच पसरणाऱ्या संथ, लांब हेलकाव्यांच्या लाटा येतात. या तिन्हींची ओळख यंत्राच्या आलेखांवरून प्रथम पटवून दिली ती रिचर्ड ओल्डहॅम यांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या या अधिकाऱ्याने १८९७ सालच्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करता करता ही उकल केली. म्हणजे हे ज्ञान आमच्याच भूमीच्या हादऱ्यांतून जन्मले आहे. ते आमच्या घरांच्या पायापर्यंत पोचले नाही, हा दोष ज्ञानाचा खास नव्हे.

लाट जितकी दूर जाते तितकी ती क्षीण होते, हे खरे. पण सर्वच कंपने सारखी क्षीण होत नाहीत. जलद, बारीक कंपने वाटेत विरून जातात. संथ हेलकावे मात्र शेकडो किलोमीटर टिकतात. त्यातच कठीण खडकातून आलेली लाट नदीच्या गाळात किंवा भरावाच्या मऊ मातीत शिरली की तिचा वेग मंदावतो आणि हेलकावा मोठा होतो. अहमदाबाद साबरमतीच्या गाळावर वसले आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरानेही हाच अनुभव घेतला. भूकंपाचा उगम साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहराचा मध्यभाग एका जुन्या सरोवराच्या तळावर! सर्वाधिक हानी झाली ती सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची.

याचे मर्म लहान मुलाच्या झोपाळ्यात सापडते. झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके धक्के दिले तरी तो उंच चढतो. अवेळी दिलेला मोठा धक्का वाया जातो. प्रत्येक इमारतीलाही अशी एक लय असते. ढोबळ हिशेब असा की, जितके मजले तितके दशांश सेकंद तिच्या एका झोक्यास लागतात. आणि धक्क्यांनी सैल झालेल्या इमारतीचा झोका आणखी लांबतो. जमिनीची लय आणि इमारतीची लय जुळली की दुरून आलेला मंद हेलकावाही घातक ठरतो.

तरीही लय जुळलेली प्रत्येक इमारत पडत नाही. पडते ती बहुधा आधीच दुबळी असलेली. मोटारी ठेवण्यासाठी तळमजला केवळ खांबांवर मोकळा सोडायचा आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले चढवायचे, ही पद्धत आता आमच्या अंगवळणी पडली आहे. भूकंपात वरचा भाग एखाद्या पेटीसारखा एकसंध हलतो आणि सगळी वाकण्याची पाळी खालच्या खांबांवर येते. त्या खांबांतील सळयांभोवती रिंगा जवळजवळ नसतील, त्यांची टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये अडकविलेली नसतील, तर खांब फुटतो आणि वरचे मजले खाली बसतात. अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारतींची कहाणी हीच होती.

महाराष्ट्राला हे धडे परके नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा परिसर हादरला. दख्खनचे पठार अचल आहे ही समजूत त्या दिवशी कोसळली, आणि तो धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याची शक्ती कच्छच्या मानाने शतांशाहूनही कमी, तरी हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद! जे जितके जड, त्याला हलविणारा जोर तितका अधिक. आणि दगडाला दगडाशी बांधून ठेवणारे तर काहीच नव्हते. त्या भूकंपापूर्वीच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता, हे येथे ध्यानी घ्यावे. २००२ सालच्या नकाशात मुंबई आणि पुणे मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात होती. नकाशा बदलतो तो बहुधा अनर्थ घडून गेल्यावर.

आणि मुंबई उभी आहे कशावर? सात बेटांमधील खाड्या बुजवून केलेल्या भरावावर तिचा मोठा भाग वसला आहे. त्या भूमीवर आज जुन्या चाळी आणि चारमजली इमारती पाडून मनोरे उठत आहेत. मनोरे उठू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पुनर्विकासाच्या सभांत गृहनिर्माण संस्थेचे सभासद किती चौरस फूट अधिक मिळणार, मोटारीला जागा किती, यावर तासन्‌तास वाद घालतात; पायाखालची माती तपासली काय, तिचा अहवाल कोठे आहे, खांबांची रचना कोणी पडताळली, हे प्रश्न विचारण्यास मात्र कोणाला सवड नसते. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची रचनात्मक तपासणी कायद्याने सांगितली आहे. ती कागद भरण्यापुरती होते की खांबांपर्यंत जाते, हे पाहणे सभासदांच्याच हिताचे आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महापालिकेने शहराच्या मातीचा विभागवार नकाशा सामान्य नागरिकास समजेल अशा रीतीने खुला करावा; बहुमजली इमारतीच्या मंजुरीबरोबर मातीचा अहवाल आणि रचनेची स्वतंत्र पडताळणी दर्शनी भागी लावण्याची सक्ती करावी; मोकळ्या तळमजल्याच्या जुन्या इमारतींचे खांब आधी बळकट करून घ्यावेत. रुग्णालये आणि शाळा यांपासून आरंभ व्हावा. यास खर्च येईल, हे उघड आहे. पण घराच्या फरशीवर आणि रंगावर होणाऱ्या खर्चाची आपण कधी तक्रार करीत नाही.

भूकंपाचा दिवस आणि घटका सांगणारे शास्त्र अद्याप निर्माण झालेले नाही. भूकंप झाल्यावर लाट किती सेकंदांत आपल्या दाराशी येईल, कोणती माती तिला वाढवील आणि कोणता खांब तिच्यापुढे मोडेल, हे मात्र चांगले ठाऊक आहे. कच्छपासून अहमदाबादेपर्यंतच्या अंतराचा हिशेब केला तर पहिल्या आणि दुसऱ्या लाटेत जेमतेम अर्ध्या मिनिटाचे अंतर पडते. तेवढ्या अवधीत घर बळकट करता येत नाही. ते काम आजच्या शांत दिवसांतच उरकावयाचे असते, आणि हे दिवस किती उरले आहेत हे कोणासही माहीत नाही.