आधी दिवस मांडावा, मग भिंती

घर पाहावे बांधून, असे जुने लोक म्हणत. ते म्हणत खर्चाला, कारागिरांच्या मागे फिरण्याला आणि वर्षभराच्या दगदगीला उद्देशून. परंतु त्या घरात पुढची चाळीस वर्षे कोण सुखाने राहणार आणि कोण अवघडून राहणार, हे त्याही आधी ठरून जाते. पाया खणण्यापूर्वी, कागदावर. नकाशातील रेघ खोडरबराने पुसता येते. त्याच रेघेवर वीट चढली की ती पुसण्यास घण लागतो. आणि तेथे खांब उभा राहिला, तर ती पुसताच येत नाही.

बहुतेक कुटुंबांत नकाशाची चर्चा खोल्यांच्या संख्येपासून सुरू होते. दिवाणखाना मोठा हवा, दारात मोटार उभी राहावी, वर मुलांना स्वतंत्र खोल्या असाव्यात. प्रत्येक मागणी आपल्या जागी योग्यच असते. अडचण एवढीच की जो मोठ्याने मागतो त्याला जागा मिळते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तर उत्तर ठरलेले असते : “आमचे काय, कुठेही भागेल.” या उत्तराला संमती समजण्याची चूक नकाशाच्या वेळी सर्रास होते.

उदाहरणादाखल सांगली-कोल्हापूर भागातील ३० बाय ५० फुटांचा भूखंड घ्यावा. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. चहूबाजूंनी सोडावयाची मोकळी जागा स्थानिक नियमांनुसार कमीअधिक होते. ती सोडून बांधकामासाठी २४ बाय ३६ फूट, म्हणजे ८६४ चौरस फूट राहिले असे धरावे. त्यातले शंभर-सव्वाशे चौरस फूट भिंतीच व्यापतात. उरतात सुमारे ७५०. त्यात १२ बाय १६ चा दिवाणखाना १९२ चौरस फूट, १० बाय १६ चे स्वयंपाकघर व जेवणाची जागा १६०, आणि जिना सुमारे ८०. आता मोटारीसाठी ९ बाय १६, म्हणजे १४४ चौरस फूट बाजूला काढले, की जेमतेम पावणेदोनशे चौरस फूट हाती राहतात. त्यातच कपडे-भांडी धुण्याची जागा, देवघर आणि ये-जा करण्याची वाट बसवायची असते. मग तळमजल्यावरील झोपण्याची खोली हळूच वरच्या मजल्यावर जाते, आणि खोलीबरोबर आजीही.

११ बाय १२ फुटांची खोली १३२ चौरस फुटांची होते. म्हणजे आजीला लागणारी जागा आणि मोटारीला लागणारी जागा जवळजवळ सारखीच. हा हिशेब कागदावर मांडून सर्वांसमोर ठेवला, तर सहसा कोणतेही कुटुंब मोटारीच्या बाजूने कौल देणार नाही. मोटार पुढच्या मोकळ्या जागेत बसते का, नियम त्यास अनुमती देतात का, दिवाणखाना दोन फुटांनी आखडता घेता येईल का, हे प्रश्न मग आपोआप पुढे येतात. निर्णय चुकतो तो बहुधा हा हिशेब मांडलाच जात नाही म्हणून.

म्हणून नकाशात पहिली खोली काढावी ती जिना न चढू शकणाऱ्याची. आज ती आजीची असेल. उद्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची, पाय मोडलेल्या नातवाची, आणि पंचवीस वर्षांनी आज घर बांधणाऱ्या मुलाचीच असेल. तिला लागूनच न्हाणीघर व शौचालय हवे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि एकत्र न्हाणीघर-शौचालयासाठी किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट क्षेत्र सांगितले आहे. एवढ्या मापाने नकाशा मंजूर होईल. पण ३० चौरस फुटांत वृद्ध व्यक्तीला धरून उभे राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला जागा उरत नाही. ५ बाय ८ फूट ठेवले तर ती राहते. दार पुरते तीन फूट असावे, आणि ते बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत उघडणाऱ्या दाराआड कोणी पडले, तर त्याच्याच देहामुळे दार अडते आणि मदतीला धावलेला माणूस बाहेर ताटकळत राहतो. उंबऱ्याऐवजी फरशीला हलका उतार दिला तरी पाणी बाहेर येत नाही. धरावयाच्या दांडीची जागा आधीच ठरवून तेथील भिंत पक्क्या विटांची ठेवली, तर पुढे तोडफोड टळते.

जिन्याचा हिशेबही असाच आहे. मजल्याची उंची १० फूट धरली, तर ६ इंच उंचीच्या २० पायऱ्या होतात. संहिता १९० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेसात इंच उंचीची पायरी चालू देते. तशा १६ पायऱ्यांत काम भागते. दोन टप्प्यांच्या जिन्यात त्यामुळे लांबीत सुमारे २० इंच वाचतात. त्या २० इंचांची किंमत घरातील गुडघे दिवसातून दहा वेळा मोजतात.

खोल्या ठरल्यावर वाटा पाहाव्यात. जुन्या घरात सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परडे अशी क्रमाने रचना असे. परका माणूस सोप्यात थांबे, जवळचा माजघरापर्यंत येई, आणि घरच्या बायकांची ये-जा मागच्या बाजूने चाले. आजच्या मोकळ्या दिवाणखान्याने उजेड आणि ऐसपैसपणा दिला, पण ही पायरी काढून घेतली. पाहुणे बसलेले असताना सुनेला जिन्यावरून स्वयंपाकघरात जाण्यासाठी त्यांच्यामधूनच जावे लागत असेल, तर ती अडचण तिच्या रोजच्या आयुष्यात राहते. जिना आणि आजीची खोली स्वयंपाकघराशी दिवाणखाना टाळून जोडता आली, तर दोघींनाही मोकळेपणा मिळतो. एकत्र राहणे म्हणजे सतत एकमेकांच्या नजरेसमोर असणे नव्हे. आवश्यक तेव्हा दार लावता येते, म्हणूनच उरलेला वेळ दार उघडे ठेवावेसे वाटते.

यानंतर सूर्याचा विचार करावा. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेची भिंत तापते आणि ती साठवलेली उष्णता रात्री आत सोडते. म्हणून झोपण्याची खोली शक्यतो त्या बाजूस नसावी. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली यांनी ती बाजू झाकावी. स्वयंपाकघर पूर्वेस असेल तर सकाळचा उजेड मिळतो. मात्र सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात संध्याकाळचा उजेडही तितकाच महत्त्वाचा असतो. डिसेंबरच्या प्रारंभी या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. हिवाळ्यात शाळा आणि दुकानातून परतणारी माणसे आणि मावळता सूर्य यांच्यामध्ये जेमतेम तासभर असतो. त्या तासात दोघींना एकाच वेळी स्वयंपाक करता यावा, म्हणून समोरासमोर दोन ओटे असल्यास त्यांच्यामध्ये चार फूट अंतर असावे. आणि जेवणाच्या जागेला पश्चिमेकडील छज्जाखालची एक खिडकी असावी. मग साडेपाचला दिवा लावून जेवावे लागत नाही. पाणी गाळून ठेवण्याची भांडी, गाळणे वाळवण्याची जागा, दळण-निवडण्यासाठी उजेडाचा कोपरा यांचाही ओट्याच्या लांबीत आधीच विचार व्हावा. नंतर ती सारी भांडी जेवणाच्या मेजावर येऊन बसतात.

साधु-साध्वी आहारासाठी येतात त्या घरात आणखी एक बाब लक्षात घ्यावी. मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट सरळ व कोरडी असावी, वाटेत न्हाणीघराचे ओले दार उघडू नये आणि चार माणसे उभी राहतील एवढी मोकळी जागा तेथे असावी. सामायिक व स्वाध्यायासाठी पाच बाय पाच फुटांचा कोपराही पुरतो. परंतु तो दूरचित्रवाणीच्या भिंतीला लागून किंवा जिन्याखाली उरला म्हणून दिलेला नसावा. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर खालच्या न्हाणीघरावरच घेतले, तर नळ सरळ उतरतात आणि देवघर किंवा स्वयंपाकघराच्या छतातून गळती होण्याचे भयही टळते.

हे सारे वास्तुविशारदास सांगण्यापूर्वी कुटुंबाने एक संध्याकाळ द्यावी. प्रत्येकाने एका कागदावर आपला दिवस लिहावा : किती वाजता उठणे, पहिले पाऊल कोठे, स्नान कधी, काम कोठे, रात्री कितीदा उठावे लागते. लहानांनीही लिहावा आणि आजीचा दिवस नातवाने विचारून लिहून घ्यावा. “कुठेही भागेल” म्हणणारी आजी रात्री तीनदा उठते, ही गोष्ट घरातील पुष्कळांना तेव्हाच प्रथम कळते. खोल्यांच्या यादीऐवजी हे कागद वास्तुविशारदाच्या हाती द्यावेत. चांगल्या वास्तुविशारदास त्यांतून पुरेसे समजते.

नकाशा आल्यावर तो मंजुरीस देण्यापूर्वी भूखंडावर चुन्याची फक्की मारून खऱ्या मापात आखावा. उघड्या आभाळाखाली खोल्या प्रत्यक्षापेक्षा लहान भासतात; त्याने घाबरून मापे वाढवू नयेत. घरातील खाट, कपाट, जेवणाचे मेज यांची मापे घेऊन तीही आत आखावीत. मग आजीला त्या रेघांमधून चालू द्यावे : खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, तेथून देवघरापर्यंत, मग जेवणाच्या जागेपर्यंत. ती जेथे थबकेल किंवा आधारासाठी हात पुढे करील, तेथील रेघ त्याच दिवशी बदलावी.