मुलाला खरे सांगा, वेळेवर सांगा

‘त्याला सांगितलंय, फोटो काढायला जायचंय. तुम्ही काही बोलू नका, डॉक्टर.’ ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एका वडिलांनी हळूच सांगितले. मुलगा सहा वर्षांचा, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला. मीही गप्प राहिलो. आत कॅमेरा नव्हताच. मोठा दिवा, तोंड झाकलेली माणसे आणि नाकाजवळ येणारा मास्क होता. त्याला धरायला तिघे लागले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण वॉर्डातून घरी जाईपर्यंत वडिलांच्या हातून त्याने औषध घेतले नाही. या गोष्टीला बरीच वर्षे झाली, तरी माझे ते गप्प राहणे मला अजून खटकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी होते. हर्निया, दुभंगलेला ओठ, हृदयाला छिद्र असे दोष लक्षात येतात आणि मुले शस्त्रक्रियेसाठी पाठवली जातात. त्यांचे रक्त, वजन, छाती आम्ही काटेकोरपणे तपासतो. मनाची तयारी मात्र कोणाच्याच यादीत नसते.

भीती प्रत्येक वयात वेगळी असते. दोन-तीन वर्षांच्या बाळाला आईपासून दूर जाण्याची धास्ती असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटते, आपण मस्ती केली म्हणून ही शिक्षा. शाळकरी मुलाला ‘मध्येच जाग आली तर?’ हा प्रश्न छळतो. फार घाबरून आत गेलेली मुले भुलीतून उठताना जास्त आक्रस्ताळी होतात आणि त्यांना दुखतेही जास्त. घरी गेल्यावर काही जण झोपेत दचकतात, अंथरूण ओले करतात, आईला चिकटून बसतात. बहुतेकांचे हे दोन-तीन आठवड्यांत थांबते. नाही थांबले तर डॉक्टरांना दाखवावे.

मग सांगायचे कधी? अगदी लहानग्यांना एक-दोन दिवस आधी. त्यापूर्वी सांगितलेले त्यांच्या लक्षात राहत नाही. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना साधारण आठवडाभर आधी, म्हणजे शंका विचारायला वेळ मिळतो. किशोरवयीन मुलांना तर डॉक्टरांशी बोलणी होतानाच सोबत बसवावे.

सांगायचे काय? ‘कापणार’ म्हणण्याऐवजी ‘पोटाजवळचा फुगवटा नीट करणार’ म्हणा. भुलीबद्दल नुसते ‘झोपवतील’ म्हटले, तर मूल रात्री झोपायला घाबरू शकते. म्हणून सांगा, ‘ही औषधाची वेगळी झोप असते. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्याजवळ असतील आणि काम झाल्यावरच तुला उठवतील.’ ‘अजिबात दुखणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘थोडे दुखेल, तेव्हा औषध देऊ. रडू आले तरी चालेल’ हे पुरते. बाहुलीला पट्टी बांधू द्या, आवडते खेळणे सोबत घ्या. आणि ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरातून कायमची हद्दपार करा.

खरे सांगण्याचा एक शारीरिक फायदाही आहे. सर्वसाधारणपणे भुलीच्या सहा तास आधी जेवण व वरचे दूध, चार तास आधी अंगावरचे दूध आणि दोन तास आधी साधे पाणी बंद होते. नेमक्या वेळा तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील. पोटात अन्न असेल, तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. उपाशी का राहायचे हे मुलाला आणि आजीलाही समजले असेल, तर कळवळ्याने चोरून बिस्किट दिले जात नाही.

पण सारा भार पालकांवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. ब्रिटनमध्ये एके काळी रुग्णालयातल्या मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवत. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी अशा एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला, आणि १९५९ मध्ये प्लॅट समितीने पालकांना मुलांजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. आपल्या वॉर्डांत आई उशाशी असतेच. तिचा हात सुटतो तो थिएटरच्या दारात. लहान मुलांची शस्त्रक्रिया सकाळी सर्वांत आधी घेणे, आदल्या दिवशी परिचारिकेने दहा मिनिटे बसून मास्क हाताळायला देणे, मूल भुलीतून उठताना पालकाला आत बोलावणे, यांना नवे यंत्र लागत नाही. भूल चढेपर्यंत पालकाने आत थांबावे का, हे भूलतज्ज्ञांनी ठरवावे; स्वतःच थरथरणाऱ्या पालकाचा मुलाला आधार होतोच असे नाही.

मूल शेवटी एकच विचारते, ‘आई, तू तिथे असशील ना?’ आत येऊ देणार नसतील, तर ‘हो’ म्हणू नका. म्हणा, ‘दारापर्यंत मी आहे, आणि उठशील तेव्हा पुन्हा मीच असेन.’ तिला तो शब्द पाळता यावा, हे बघणे आमचे काम आहे.