साठलेले पॉइंट्स आणि दोघांच्या दोन रात्री

महिनाअखेरची रात्र. मुले झोपली आहेत. तो क्रेडिट कार्डाचे बिल तपासतो आहे, ती उद्याच्या डब्याची भाजी निवडते आहे. बिलाच्या तळाशी एक ओळ असते : २४,००० पॉइंट्स जमा, त्यातले काही पुढच्या महिन्यात बाद होणार.

‘‘यात एक मिक्सर येईल,’’ तो म्हणतो.

‘‘मिक्सर आहे घरात.’’

‘‘मग राहू देत. माझे पॉइंट्स आहेत, बघू नंतर.’’

‘‘तुझे?’’ तिचा हात थांबतो. ‘‘किराणा या कार्डावर, मुलांची फी या कार्डावर, आईंची औषधं या कार्डावर. मग पॉइंट्स एकट्या तुझे कसे?’’

असा संवाद आज अनेक घरांत होतो आणि बहुतेक वेळा तो इथेच संपतो. पॉइंट्स बाद होतात, नाहीतर त्यांचा नको असलेला मिक्सर घरी येतो. तिचा प्रश्न मात्र रास्त असतो. कार्डावर नाव एकाचे असले, तरी पॉइंट्स साठतात ते साऱ्या घराच्या खर्चातून. मग ते ज्या दोघांनी मिळून घर चालवले, त्या दोघांसाठीच का वापरू नयेत? लग्नाला दहा-पंधरा वर्षे झालेल्या कित्येक जोडप्यांचा दोघांनीच केलेला शेवटचा प्रवास म्हणजे मधुचंद्र. त्यानंतरच्या सहली मुलांच्या सुट्टीच्या, नातेवाइकांच्या लग्नाच्या, नाहीतर देवदर्शनाच्या. दोन रात्रींसाठी एखादे गजबजलेले शहर गाठणे, दिवसभर पायी भटकणे आणि घराचा विषय न काढता गप्पा मारणे ही चैन वाटते खरी; पण नीट बेत आखला तर ती परवडते.

आधी हिशेब, मग बेत

पॉइंट्सना भुलण्यापूर्वी त्यांची किंमत काढावी. समजा, एका कार्डावर २०० रुपयांच्या खर्चामागे ४ पॉइंट्स मिळतात आणि घरखर्चाचे दरमहा ४०,००० रुपये त्यावरून जातात. महिन्याला ८०० पॉइंट्स होतील. अडीच वर्षांत २४,०००. बँकेच्या वस्तूंच्या यादीत एका पॉइंटला २५ पैसे धरले, तर हे सारे मिळून ६,००० रुपये होतात. तेच पॉइंट्स विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या योजनेत वळवले, तर काही कार्डांवर त्यांची किंमत याहून बरीच जास्त मिळते. म्हणून मिक्सर मागवण्याआधी साधा भागाकार करावा : जे मिळणार त्याची बाजारातली किंमत, भागिले द्यावे लागणारे पॉइंट्स. जिथे उत्तर मोठे, तिथे ते खर्च करावेत.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. पॉइंट्ससाठी खर्च वाढवू नये आणि बिल कधीही थकवू नये. अनेक कार्डांवर थकबाकीवर दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज लागते. ४०,००० रुपये थकले आणि व्याज साडेतीन टक्के असले, तर एका महिन्यात १,४०० रुपये गेले. त्यावर जीएसटी वेगळा. वरच्या उदाहरणातल्या जोडप्याला महिन्याला २०० रुपयांचे पॉइंट्स मिळत होते. म्हणजे एका महिन्याच्या व्याजाने सात महिन्यांची कमाई गिळली. ज्यांना दरमहा पूर्ण बिल भरणे जमत नाही, त्यांनी पॉइंट्सचा विचार सोडून आधी देणे फेडावे. सहल पुढच्या वर्षीही करता येईल.

हेही ध्यानात असू द्यावे की पॉइंट्सवर सगळी सहल फुकट होत नाही. पॉइंट्स देऊन विमानाचे तिकीट काढले, तरी कर आणि काही शुल्क बहुधा रोखीनेच भरावे लागते. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट्स देत नाहीत किंवा कमी देतात. तेव्हा पॉइंट्सवर तिकिटे काढायची की हॉटेलची खोली, ते एकच ठरवावे. उरलेल्या खर्चासाठी दरमहा हजार रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. वर्षाला १२,००० रुपये आणि वर थोडे व्याज हाती येते, आणि परतल्यावर बिलाची धास्ती राहत नाही.

शहर कोणते?

दोन रात्रींच्या सहलीसाठी ज्या शहरात विमानतळापासून मुक्कामाला लवकर पोहोचता येते, बघण्यासारख्या जागा एकमेकींजवळ आहेत आणि रस्त्यावर हिंडण्यातच मजा आहे, असे शहर निवडावे. या कसोटीला कोलकाता चांगले उतरते. मुंबईहून रेल्वेने तिथे पोहोचायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. म्हणून एवढ्या छोट्या सहलीला विमानच बरे. ते अडीच-पावणेतीन तासांत पोहोचवते. नागपूरकरांना मात्र रात्रीच्या रेल्वेचाही विचार करता येईल.

मराठी माणसाचा या शहराशी एक जुना आणि थोडा अवघड संबंध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. तो ‘मराठा डिच’ या नावाने ओळखला जाई. पुढे तो बुजवला गेला आणि त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली अंगाईगीतांत आजही ‘बर्गी’ येतात, ते म्हणजे हेच मराठे स्वार. टॅक्सीतून त्या रस्त्याने जाताना ही गोष्ट एकमेकांना सांगायला हरकत नाही.

शुक्रवार ते रविवार

वार निवडताना एक काळजी घ्यावी. व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद असतात. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. म्हणून शुक्रवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतणे सोयीचे.

शुक्रवारी दुपारी पोहोचल्यावर विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी पार्क स्ट्रीटला जावे. दिव्यांनी उजळलेला रस्ता, जुनी उपाहारगृहे, काठी रोलचा वास. पहिल्या संध्याकाळी एवढे पुरे आहे.

शनिवारी भल्या पहाटे उठावे. कोलकाता पूर्वेला असल्याने तिथे उजाडते लवकर आणि डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने नऊला बाहेर पडणाऱ्यांचा अर्धा दिवस वाया जातो. हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार सकाळीच बघावा. झेंडूच्या माळांचे ढीग डोक्यावर घेऊन धावणारे हमाल आणि मागे १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला पूल असे ते दृश्य आहे. तिथून बोटीने हुगळी ओलांडावी आणि परत येताना हावड्याहून मेट्रो धरावी. नदीच्या पात्राखालून जाणारा हा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. नदीखालचा टप्पा जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे. पण त्या पाऊण मिनिटात सारा डबा खिडक्यांकडे वळतो. भारतातली पहिली मेट्रोही याच शहरात, १९८४ साली धावली.

दुपार कॉलेज स्ट्रीटसाठी राखून ठेवावी. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या चाळून झाल्या की तिथल्या कॉफी हाउसमध्ये बसावे. उंच छत, गोंगाट, फेटेवाले वेटर. ज्यांना घरी दहा मिनिटे सलग बोलता येत नाही, त्यांना इथे कुणी उठवत नाही.

रविवारी सकाळी १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया मेमोरियल आणि त्याची बाग बघावी. वेळ उरला तर १८१४ साली स्थापन झालेले इंडियन म्युझियम. दोन्ही ठिकाणे पुरती बघण्याचा हट्ट धरू नये. धावपळ झाली की चिडचिड होते आणि भांडण घरचेच, फक्त जागा नवी, असे होऊन बसते.

खाण्यापिण्याची चिंता नको. शाकाहाऱ्यांसाठी लुची, आलूर दम, छोलार डाल आणि रस्त्यावरचा फुचका आहे. मांसाहाऱ्यांना बटाटा घातलेली बिर्याणी आणि कोशा मांगशो. मिष्टी दोई सर्वांसाठी. हिवाळ्यात गेलात तर खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाचा संदेश चुकवू नका.

दुर्गापूजेचा मोह होतो. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण त्या दिवसांत विमानाचे दर चढतात, खोल्या भरतात आणि पॉइंट्सवरच्या जागा मिळणे कठीण होते. पहिल्या सहलीला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एखादा साधा आठवडा बरा.

तिकीट काढताना

पॉइंट्सवर विमानात ठरावीकच जागा मिळतात. म्हणून दोन-तीन महिने आधी आणि दोन-तीन तारखा मनात धरून शोध घ्यावा. कार्डावरचे पॉइंट्स विमान कंपनीच्या खात्यात वळवले की ते सहसा परत येत नाहीत. तेव्हा आधी जागा उपलब्ध आहे का ते बघावे आणि मगच पॉइंट्स वळवावेत. ते जमा व्हायला कधी कधी काही दिवस लागतात, हेही लक्षात घ्यावे. तिकीट रद्द केल्यास किती कापले जाते, तेही आधीच वाचावे.

खाते एकाच्या नावावर असले, तरी बहुतेक योजनांत जोडीदाराचे तिकीट काढता येते. काही योजनांत कुटुंबाचे पॉइंट्स एकत्र करण्याची सोय असते. तिकिटावरचे नाव मात्र ओळखपत्राप्रमाणेच हवे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, पण आधार कार्डावर माहेरचे नाव असलेल्या स्त्रियांची विमानतळावर विनाकारण धावपळ होते. हॉटेलातही दोघांची ओळखपत्रे मागतात. कार्ड बंद करायचे असेल, तर आधी पॉइंट्स वापरून टाकावेत. कार्डाबरोबर तेही जाऊ शकतात.

आणि एक धोक्याची सूचना. ‘तुमचे पॉइंट्स आजच बाद होणार, या लिंकवर जा’ असे संदेश पाठवून फसवणारे पुष्कळ आहेत. अशी लिंक कधीही उघडू नये. ओटीपी, पिन किंवा कार्डाच्या मागचा क्रमांक कुणालाही सांगू नये. पॉइंट्स किती आहेत ते बँकेच्या अधिकृत अ‍ॅपवर स्वतः बघावे. फसवणूक झालीच, तर लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर होईल, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मुलांचे काय?

बेत इथेच अडतो. ‘‘मुलांना टाकून कसं जायचं?’’ हा प्रश्न बहुधा तिच्याच मनात येतो, कारण घरातल्या प्रत्येकाचे वेळापत्रक तिच्या डोक्यात असते. म्हणून घराची सोय लावण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे. आजी-आजोबांशी त्याने बोलावे, औषधांच्या वेळा त्याने लिहून ठेवाव्यात, शाळेच्या बसवाल्याला त्याने सांगावे. तयारीची सारी दगदग तिच्यावर टाकून ‘तुला फिरवून आणतो’ म्हणण्यात काही अर्थ नाही. आजी-आजोबांनाही गृहीत धरू नये. त्यांना तारखा विचाराव्यात, परतल्यावर त्यांच्या आवडीचे काही आणावे आणि पुढच्या वेळी त्यांना कुठे जायचे आहे, तेही विचारावे.

घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फोन करावा. दर तासाला नको. दोन दिवस आईबाबांशिवाय राहिल्याने मुलांचे काही बिघडत नाही. उलट, आईबाबांना एकमेकांच्या सोबतीत आनंद वाटतो, हे त्यांना कळलेले चांगले.

तेव्हा आज रात्री बिल समोर आले की तळाची ओळ दोघांनी मिळून वाचावी. किती पॉइंट्स, कधीपर्यंत आणि कुठे, एवढे तीनच प्रश्न. ‘माझे’ की ‘तुझे’ हा चौथा प्रश्न मग निघणारच नाही.