दान आणि मान

पाऊस लांबला म्हणजे जतच्या घराघरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा, दुसरा वैरणीचा आणि तिसरा, जो कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं, तो हात पसरण्याचा. या तिसऱ्या प्रश्नाविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं अवर्षणाच्या दिवसांत आम्ही एका समारंभास गेलों होतों. गरजू मुलांस नांवानें पुकारून व्यासपीठावर बोलाविलें, धान्याची पिशवी हातीं दिली, छायाचित्रें घेतलीं. एका मुलीनें ती पिशवी ओढणीखालीं झांकली आणि ती मागच्या दारानें निघून गेली. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतों, याची आज लाज वाटते. तिच्या घरीं त्या रात्रीं चूल पेटली असेल; पण पिशवीच्या बदल्यांत आपण तिचा मान घेतला.

हा प्रश्न आजचा नव्हे. जतच्या उत्तरेस मंगळवेढें आहे. तेथें पंधराव्या शतकांत बहामनी राज्याचे अधिकारी दामाजीपंत यांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें रयतेस खुलीं केलीं, ही कथा आपण कीर्तनांत ऐकत आलों आहों. तींतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेविला तरी एक गोष्ट उरते. कोठारांतलें धान्य रयतेनेंच पिकविलेलें होतें. पंतांनीं तें ज्याचें त्यास परत दिलें. परंतु असा एखादा पंत लाभावा लागतो. न लाभला तर?

1876 ते 1878 च्या दुष्काळांत दख्खनच्या रयतेस हें कळून आलें. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं खरीं; पण 1877 मध्यें सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनें मजुरी कमी झाली. पुरुषास दिवसाला 1 पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्याची किंमत व वर फार तर एक आणा! उपाशी असतांही हजारों मजूर कामें सोडून गेले. पोट रिकामें असलें तरी न्याय-अन्याय माणसास कळतो. 1870 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीकत मिळवून सरकारपुढें मांडली. त्याच वर्षीं सत्यशोधक समाजानें धनकवडी येथें दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली. पुढें 1897 मध्यें पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून दुष्काळपीडित मुली आणिल्या व केडगांवीं त्यांस अन्नाबरोबर अक्षरें आणि हातचा धंदाही दिला.

यापुढचें पाऊल आपल्याच सांगली जिल्ह्यांत पडलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो. विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून 1965 मध्यें तासगांव तालुक्यांत प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळांत रोजगार हमीचें काम राज्यभर पसरलें आणि 1977 मध्यें त्याचा कायदा झाला. खर्चासाठीं शहरांतील नोकरदारांवर व व्यावसायिकांवर कर बसविला गेला. मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांनीं त्या साली खडी फोडली, नाला बांध घातले, सुकडी खाल्ली. त्यांस विचारा; तीं सांगतील कीं तें दान नव्हे, घामाचें खाणें होतें.

कोणी म्हणेल, हक्क आला म्हणजे दानाचें काम काय उरलें? आमच्या मतें पुष्कळ उरलें. थकलेल्या वृद्धास, आजाऱ्यास, पोरक्या लेंकरास खडी फोडतां येत नाहीं. आणि कायद्याचा कागद हालेपर्यंत भूक थांबत नाहीं. म्हणून दान हवेंच. मात्र त्याची रीत बदलावी. नांवें पुकारूं नयेत. छायाचित्र घेऊं नये. पिशवी सांजवेळीं घरपोंच जावी. कोणास काय उणें आहे हें त्यासच आधीं विचारावें, आणि ज्यानें आज घेतलें त्यासही पुढें देणाऱ्यांत बसण्याची संधि मिळावी.

पालकहो, पुढच्या टंचाईंत आपल्या मुलांहातीं पसाभर ज्वारी अवश्य पाठवा. मात्र पाठवितांना त्यांस एवढें सांगा कीं, ही कोणाच्या दारीं नेऊन ठेवलीस तें वर्गांत बोलूं नकोस. ती मुलगी दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत, त्याच बांकावर, मान वर करून बसली पाहिजे.